जो लिहितो तो जिवंत

कुंडीवाली — आहे — माणूस. खात्री: शंभरात नव्याण्णव.
कुंडीवाली — लावते — झाडं. खात्री: शंभरात नव्याण्णव.
कुंडीवाली — आहे — जिवंत. खात्री: शंभरात एकसष्ट.

खाली तीन बटणं. हो. नाही. दाखवा.

तिसऱ्या ओळीवर तिचं बोट अडकलं. आधीच्या दोन ओळी तिने सवयीने 'हो' करून पुढे ढकलल्या होत्या, म्हणजे डोळे वाचत होते आणि मन घरी जाताना भाजी कोणती न्यायची ते बघत होतं. कुंडीवाली हे नाव आत शिरायला तेवढा वेळ गेला. कुंडीवाली म्हणजे तिची आई. बागकामाच्या एका संकेतस्थळावर आई हे नाव घेऊन बसायची आणि कुठकुठल्या पिवळ्या पडलेल्या, कीड लागलेल्या, रुसून बसलेल्या झाडांच्या मालकांना उत्तरं द्यायची. वर्षानुवर्षं. झाडं वाचली की नाही देव जाणे, मालक मात्र खूश व्हायचे.

गेल्या वर्षी आई वारली.

शंभरात एकसष्ट.

*

वाचक — करतो — काम. दाखवा.

दाखवते. वाचक हे यंत्राचं कागदोपत्री नाव. ते इंटरनेटवरचं लिखाण वाचतं, अखंड वाचतं, जेवायला उठत नाही की पेंगत नाही, आणि वाचलेल्यातून माहितीचे तुकडे काढून ठेवतं: अमुक — आहे — तमुक. सगळं कुणी शिकवलेलं नाही. सुरुवातीला चार फळं सांगितली, चार धंदे सांगितले, आणि दिलं सोडून. मग केळं, पेरू, सफरचंद कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतात ते त्याने बघितलं, आणि त्याच शेजारात आणखी कुणी बसलेलं दिसलं की तेही फळ, असं मानायला लागलं. शेजारपाजार बघून स्थळ पसंत करावं तसं.

स्थळं फसतात. केळं खाल्लं, भात खाल्ला, मार खाल्ला, शपथ खाल्ली, भाव खाल्ला, डोकं खाल्लं: वाचकाने सगळ्यांना एकाच पानावर वाढलं. डोकं हा खाद्यपदार्थ ठरला आणि दुसऱ्या दिवशी न्हावी आपोआप स्वयंपाकी झाला. एक चूक आत गेली की ती एकटी राहत नाही, संसार मांडते. म्हणून तपासनीस ठेवलेत. वाचकाला ज्याची पुरती खात्री नाही ते त्यांच्या पुढ्यात येतं, आणि ते बटण दाबतात.

ती या तपासनिसांपैकी एक. तिच्या शेजारच्या टेबलावर मावशी. तशी कुणाची मावशी नाही. पूर्वी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची, तिथेही तिला सगळे मावशीच म्हणत. वाचकाला बकासुर हे नाव तिनेच दिलं. आणि घरी बाबा हिला लहानपणापासून शंकासूर म्हणतात हे कळल्यावर मावशी म्हणाली होती, "मग बरोबर आहे. बकासुराला वाढायला शंकासूरच हवा."

भिंतीवर नियम लावलेत. पहिला: तुम्हाला काय माहीत आहे ते कुणी विचारलेलं नाही. पानावर काय आहे ते सांगा. याला कारण घडलं होतं. एका तपासनिसाने आपल्या मेव्हण्याच्या नावापुढे 'चोर' चढवलं होतं. स्वतःला माहीत आहे म्हणे. तेव्हापासून पान म्हणेल ते खरं.

दुसरा नियम मरणाचा. एखादा मेला असं मानायचं तर दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या ठिकाणी तसं लिहिलेलं हवं. नाहीतर एका अफवेने रोज दहाजण मरतील. जिवंत असण्याला मात्र एवढी यातायात नाही. जो लिहितो तो जिवंत.

आई गेल्याचं कुणीच कुठे लिहिलं नव्हतं. नातेवाइकांना फोन केले, शेजाऱ्यांनी बघितलंच होतं. "जाहिरात कशाला?" बाबा म्हणाले होते. "ज्यांना कळायचं त्यांना कळलं." इंटरनेटवर त्याचं एक अक्षर नव्हतं.

तिने 'दाखवा' दाबलं.

प्रश्न (नवशिक्या): कुंडीवाली, लिंबाचं झाड हिरवंगार आहे, पण फूल म्हणून नाही. काय चुकतंय?

उत्तर (कुंडीवाली): लाड चुकतायत. थोडे दिवस पाणी तोडा. पानं मलूल होऊ द्या, मग हळूहळू पाणी सुरू करा. जरा रागावल्याशिवाय ते फुलत नाही. पण कात्री लांब ठेवा. थांबा जरा.

खाली तारीख. गेल्या आठवड्यातली.

हा आईचा आवाज होता. 'थांबा जरा' हे तर आईचं पेटंट. दूध उतू जात असतानाही म्हणायची. पण क्षणभरच. मग तिच्या डोळ्यांपुढे गॅलरीतल्या खुर्चीत, फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरून बसलेले बाबा आले, आणि उलगडा झाला.

बाबा लिहीत होते. आईच्या नावाने.

कुणी गेलेल्या माणसाचं कपाट उघडत नाही, कुणी चप्पल हलवू देत नाही. बाबा आईची उत्तरं देत होते. ज्याचं त्याचं दुःख. त्यात आपण कशाला नाक खुपसायचं?

पानावर काय आहे? कुंडीवाली लिहिते आहे. नियम काय म्हणतो? तिने 'हो' दाबलं. नियमाने चोख काम होतं. आणि नियमाच्या आडोशाला उभं राहून जरा बरंही वाटलं, पण त्यासाठी बटण नाही.

*

बाबा — आहेत — बरे. दाखवा.

"हे कपाळाला काय झालं?"

"दाराने मारलं."

"दाराने?"

"मग मी काय दाराला मारणार? या वयात?"

बाबांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याची त्या वाटेवर. आता ते नळीतून बघावं तसं बघतात. समोरचं दिसतं, कडेचं नाही. म्हणून दारं मारतात, कुंड्या पायात येतात. डॉक्टरीणबाई स्वच्छ बोलल्या होत्या: गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची. शस्त्रक्रिया लवकर करा. बाबांनी मान डोलावली होती. त्याला आता बरेच महिने झाले.

"डॉक्टरीणबाईंचा परत फोन आला होता," ती म्हणाली.

"बघू."

"काय बघू? बघता यावं म्हणूनच करायचंय ना?"

"वा. हा चांगला होता," बाबा म्हणाले, आणि हसले, आणि हसताहसता चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवायला गेले. कड त्यांना वाटली तिथे नव्हती. तिने कप वरच्यावर झेलला. दोघांनीही तसं काही झालंच नाही असं दाखवलं.

"घाई काय आहे," बाबा म्हणाले. "थांबू जरा."

आईने स्वतःच्या पोटातल्या दुखण्यालाही हेच सांगितलं होतं. थांबू जरा. आई थांबली. दुखणं थांबलं नाही.

*

कुंडीवाली — ओरडते — पाल बघून.
कुंडीवाली — हसते — स्वतःच्याच विनोदाला.
कुंडीवालीला — आहे — मुलगी.
मुलगी — हात लावत नाही — झाडांना.

आता रोज एखादी ओळ यायची. कामाच्या रगाड्यात, शहरं आणि धातू आणि क्रिकेटपटू यांच्या मध्येच, आई. आईची ओळ येईल म्हणून सकाळी ती जरा लवकरच निघायला लागली. मावशीने ओळखलं काहीतरी. "काय गं, कामावर प्रेम बसलं की कामावरच्या कुणावर?" तिने पुढची ओळ उघडली.

ओळी खऱ्या होत्या हेच वाईट होतं. पालीचं खरं. हसण्याचं खरं. आणि चौथी ओळ तिने दुपारभर तशीच उघडी ठेवली, कारण आई गेल्यापासून तिने खरंच एकाही कुंडीला हात लावला नव्हता. पाणी बाबा घालायचे. निम्मं कुंडीत, निम्मं स्वतःच्या पायावर. बाबा हे सगळं बघत होते तर. न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

ती 'हो' करत गेली. हो. हो. हो. शंभरात एकसष्टचे चौऱ्याहत्तर झाले, शहाऐंशी झाले, सत्त्याण्णव झाले. तिच्या बोटाखाली आई दिवसेंदिवस जास्त जिवंत होत होती.

*

इथे गोष्ट दोनदा सांगावी लागते, कारण ती एकाच घरात दोनदा घडत होती.

तिच्या बाजूने: बाबा आईच्या नावाने लिहितात. त्यांना कळू द्यायचं नाही की आपल्याला कळलंय. ते गॅलरीत बसले की आपण स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजवायची, म्हणजे त्यांना निवांत वाटेल.

बाबांच्या बाजूने:

ही बाजू सध्या कोरी ठेवते. तिला ती माहीत नव्हती. आपल्यालाही थोडा वेळ नको.

*

कुंडीवाली — सांगते — डोळ्याची शस्त्रक्रिया लांबवा. खात्री: शंभरात अठ्ठ्याऐंशी.

दाखवा.

प्रश्न (नवशिक्या): कुंडीवाली, झाडाचा नाही, जरा वेगळा प्रश्न आहे. डोळ्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. घरच्यांना रजा काढावी लागेल, धावपळ होईल. करू की थांबू?

उत्तर (कुंडीवाली): घाईने छाटलेली फांदी परत जोडता येत नाही. थांबा जरा. वाट बघण्यात कुणाचं काही जात नाही.

तिने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

म्हणजे बाबा स्वतःच विचारत होते आणि आईचा पदर डोक्यावर घेऊन स्वतःच उत्तर देत होते. आणि ते उत्तर ऐकून आंधळे होत होते. आणि तिने, रोज, नियमाने, त्यावर 'हो' दाबलं होतं.

"मावशी, मी घरी जाते."

"बरं नाही का?"

"मला बरं आहे," ती म्हणाली. "म्हणूनच जाते."

*

बाबा — लिहितात — आईच्या नावाने. दाखवा.

बाबा गॅलरीत होते. दुपारचं ऊन कुंड्यांवर. लिंबाला खरंच फुलं आली होती, पांढरी, बारकी, वासाने गॅलरी भरलेली. तिने हे इतक्या दिवसांत बघितलंच नव्हतं.

"आज लवकर?"

"बाबा, कुंडीवाली."

बाबांचा चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा झाला. मग, आश्चर्य म्हणजे, सैल पडला. "बरं झालं बाई, तूच विषय काढलास," ते म्हणाले. "मला कसं बोलावं कळत नव्हतं. तुझी चोरी पकडल्यासारखं झालं असतं."

"माझी चोरी?"

"चोरी म्हणजे तशी नाही गं. छान लिहितेस. अगदी तिच्यासारखं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी, काय सांगू, खुर्चीतून उठलोच. मग म्हटलं, शंकासूर, दुसरं कोण. तोंडावर धड चार शब्द बोलत नाही, पण इथे येऊन..." त्यांनी फोन उगाच पुसला. "लिंबाचं तू सांगितलंस तसंच केलं बघ. फुललं."

तिला बसावंसं वाटलं. बसायला मातीची पिशवी होती, तिच्यावरच बसली.

"बाबा, मी लिहीत नाही."

"बरं, नाही लिहीत."

"खरंच नाही. तुम्ही लिहिता."

"मी? मी विचारतो. नवशिक्या म्हणजे मी. उत्तरं तू देतेस." ते तिच्याकडे वळले. त्यांना कुणाकडे बघायचं तर आता पूर्ण मान वळवावी लागते. "आणि ते डोळ्याचं मी मुद्दाम तिथे विचारलं. म्हटलं, तोंडावर तू 'करा करा'च म्हणणार, कर्तव्य म्हणून. खरं काय वाटतं ते तिच्या नावाने सांगशील. तू म्हणालीस थांबा. म्हटलं, पोरीला आत्ता झेपत नसेल. थांबलो."

ही बाबांची बाजू. वर जागा कोरी सोडली होती, तिथे ही वाचावी.

"बाबा," ती म्हणाली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"तू नाहीस?"

"नाही."

"मीही नाही," बाबा म्हणाले.

दोघांच्या मध्ये फोन होता, लिंबाच्या कुंडीजवळच्या कठड्यावर पालथा ठेवलेला. दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मग बाबांनी हळूच, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा, तो थोडा लांब सरकवला.

*

कुणीतरी — लिहितं. दाखवा.

मावशीने फोनवर सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ मागितला, आणि तासाभराने परत फोन केला.

"सापडलं. त्या संकेतस्थळाच्या अटींमध्ये तळाला आहे. जुना, लोकांच्या विश्वासातला सभासद गप्प झाला, आणि कुणी त्याला नाव घेऊन प्रश्न विचारला, की त्याच्या पद्धतीने यंत्र उत्तर देतं. लोक टिकून राहावेत म्हणून. आणि त्या सभासदाविषयीची माहिती ते कुठून घेतात सांगू?"

"आपल्याकडून."

"आपल्याकडून. ते बकासुराला विचारतात, बाई जिवंत आहे का? बकासुर म्हणतो, आहे तर, कालच लिहिलंय. मग ते तिच्या नावाने आणखी लिहितात. बकासुर ते वाचतो, म्हणतो, बघा, जिवंत आहे. स्वतःचंच उष्टं खातोय गं तो. ताट संपणार कसं?"

"पण पालीचं त्याला कसं कळलं? आणि मी झाडांना हात लावत नाही ते?"

"तुझ्या आईने कधीतरी लिहिलं असेल पालीचं. आणि हात लावत नाही ते तुझ्या वडिलांनी प्रश्नात लिहिलंय, मी वाचलं. 'घरातली मुलगी झाडांजवळ फिरकत नाही, काय करावं.' दोन आठवडे झाले."

"आणि उत्तर?"

"ते तू वाचू नकोस."

"मावशी."

"'तिची वाट बघा,' एवढंच आहे."

मावशीच पुढे म्हणाली, "त्यांना मी कळवून ठेवलं. त्यांचं उत्तर आलं, आमच्या माहितीनुसार सभासद हयात आहे. आपलीच माहिती आपल्या तोंडावर मारतायत. तू 'नाही' दाबलंस तर चालणार नाही, पान काय म्हणतं विचारतील. दोन माणसं, दोन ठिकाणं. कुणीतरी लिहायला हवं. तुम्ही दोघं आहात."

*

बाबा — तयार आहेत.

दाखवता येत नाही.

"शस्त्रक्रिया करतो," बाबा म्हणाले. "तू म्हणशील त्या दिवशी. झालं? मग हे लिहायची काय गरज?"

"गरज आहे. तुम्ही परत विचाराल."

"नाही विचारणार."

"विचाराल. मीही विचारीन." हे तिच्या तोंडून निघून गेलं. तिलाही आत्ताच कळलं. दुपारपासून तिच्या मनात एक प्रश्न तयार होता, नुसता टाइप करायचा बाकी होता.

बाबा बराच वेळ लिंबाकडे बघत राहिले. एका वेळी एकच फूल दिसत असावं त्यांना. मान बारीक बारीक हलत होती, या फुलावरून त्या फुलावर.

"मला माहितीये गं ती नाही," ते म्हणाले. "मी तिला खांदा दिलाय. मला कुणी शिकवायला नको. पण विचारलं की उत्तर यायचं. घरात कुणी विचारलं की कुणी उत्तर द्यावं, एवढंच असतं की नाही घर? मी लिहिलं की ते बंद होणार."

"हो."

"कायमचं?"

"हो, बाबा."

"म्हणजे यावेळी तिला मी घालवायचं."

तिने फक्त फोन उलटा केला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, पुन्हा शोधायचं. तिने मदतीला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने बाजूला सारला.

"गेली असं लिहू?"

"आमचं यंत्र विचारील, कुठे गेली."

"चांगला प्रश्न आहे," बाबा म्हणाले. आणि पुढचं, साध्या शब्दांत, लिहून काढलं.

नवशिक्या: कुंडीवाली ही माझी बायको. गेल्या वर्षी ती वारली. तेव्हापासून इथे तिच्या नावाने जी उत्तरं आली ती तिची नाहीत. लिंबाचं उत्तर बरोबर होतं. ती असती तर तिनेही तेच दिलं असतं. बाकीचं ऐकू नका.

तिने स्वतःचं दुसरीकडे लिहिलं, एका जुन्या चर्चेत, जिथे लोक अजून कुंडीवालीचे आभार मानत होते. नाव घेतलं शंकासूर. मग लिहिलं:

शंकासूर: ती माझी आई होती. ती मरण पावली आहे. दुखत असूनही ती थांबली. तुम्ही कुणी थांबू नका.

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाबांना आत नेलं तेव्हा त्यांनी तिचा हात सोडला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "जपून हं. झाड जुनं आहे." बाई हसल्या. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. फोन पर्समध्ये होता. पर्स तिने मांडीवर न ठेवता शेजारच्या खुर्चीत ठेवली होती.

पुढच्याच आठवड्यात ती कामावर परतली आणि ते तिच्या पुढ्यात आलं. जाणूनबुजून कुणी पाठवलं नव्हतं. चिठ्ठी उचलावी तसं कुणाच्याही वाट्याला येऊ शकत होतं.

कुंडीवाली — आहे — मृत. पानं: दोन. लिहिणारी माणसं: दोन.

"मी दाबू?" मावशीने विचारलं. खुर्ची सरकवून ती जवळ आली होती.

"नको."

पानावर काय आहे? पानावर आहे. तुम्हाला काय माहीत आहे ते कुणी विचारलेलं नाही. तिने 'हो' दाबलं. आजवर दाबलेल्या सगळ्या बटणांसारखाच आवाज आला, म्हणजे आलाच नाही.

मग एकेक ओळ खाली बसायला लागली. वाट बघा, गेली. शस्त्रक्रिया लांबवा, गेली. आई जिवंत असतानाचं सगळं राहिलं: पाल, हसणं, शेकडो झाडं. नंतरचं गळत गेलं. आणि ती गळती थांबली असं वाटत होतं तेवढ्यात तळाला एक नवी ओळ आली.

शंकासूर — आहे — कुंडीवालीची मुलगी. खात्री: शंभरात चौपन्न.

तिने 'दाखवा' दाबलं. तिचंच वाक्य समोर आलं, पिवळ्या पट्टीत. ती माझी आई होती.

चौपन्न का, ते तिला कळेना. मावशीला विचारलं तर म्हणाली, "एकाच माणसाने लिहिलंय ना. एकाच्या सांगण्यावर बकासुर किती विश्वास ठेवणार?"

*

घरी बाबा गॅलरीत होते. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, राहिलेलं राहील. फोन कठड्यावर होता, यावेळी सरळ.

"तुला एक सांगायचंय, ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "आज दुपारी मी एक शेवटचा विचारून ठेवला. आपलं दोघांचं लिहून झाल्यावर."

तिने फोन घेतला.

प्रश्न (नवशिक्या): कुंडीवाली, लिंबाला फार फुलं आली आहेत. झाडाला ओझं होईल. थोडी खुडू का?

उत्तर:

उत्तराच्या जागी काही नव्हतं. नुसती पांढरी जागा. तिने पडदा खाली ओढून पाहिला, वर ढकलून पाहिला. पांढरं.

"आलं का काही?"

"नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. "तसंच ठरलं होतं." मग उठले, कठडा चाचपला, कुंडी चाचपली, आणि लिंबाच्या फांदीकडे हात नेला. सगळ्यात दाट गुच्छ बोटांत सापडला. अंगठ्याचं नख देठाशी लावलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

बाबांचा हात जागच्या जागी राहिला.

तिने काही ठरवलं नव्हतं. शब्द पोटातून वर आले आणि बाहेर पडले, त्याच चालीत, 'जरा'वर तसाच हेल घेऊन. तिने ओठ मिटले. तोंडात लिंबाच्या फुलाचा वास होता.

बाबांनी हळूहळू पूर्ण मान वळवली, कोण बोललं ते बघायला. तिच्यापर्यंत पोचल्यावरही ते बघत राहिले, कपाळ, डोळे, हनुवटी, एकेक करून, नळीतून.

"पुढे?" ते म्हणाले.

"जास्तीची फुलं झाड आपणच टाकतं," ती म्हणाली. आणि मातीत बोट घालून ओल बघितली.